पाच सिनेमे आणि एक बेट

आमची नात इंग्लंडात शिकायला आहे. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. अभ्यास काय, जेवलीस का, थंडी किती, एवढं झालं की बोलायचे विषय संपतात आणि मग ती काहीतरी कोडं घालते. परवा म्हणाली, "आजोबा, समजा तुम्हाला एका निर्जन बेटावर नेऊन सोडलं. बरोबर फक्त पाच सिनेमे. कुठले न्याल?"

मी म्हटलं, "वीज आहे का बेटावर?"

"आहे असं समजा."

मागून हिचा आवाज आला, "आणि चहा कोण करून देणार तिथे?"

हा खेळ मूळचा तिकडचाच, हे नंतर नातीनेच सांगितलं. बीबीसी रेडिओवर 1942 पासून असा कार्यक्रम चालत आला आहे. पाहुण्याने बेटावर न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या, एक पुस्तक निवडायचं आणि चैनीची एक वस्तू. बायबल आणि शेक्सपिअर बेटावर आधीच ठेवलेले असतात म्हणे. आपल्याकडे हा कार्यक्रम निघाला असता तर ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा आधीच ठेवली असती आणि पाहुण्यांना तो प्रश्नच उरला नसता. असो.

मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. वही घेतली, पेन घेतलं आणि आठ दिवस त्यातच गेले. पहिल्या दिवशी सव्वीस नावं झाली. पण वाचून बघितली तर ती यादी माझी वाटेना. एखाद्या समितीने तयार केल्यासारखी वाटली. पथेर पांचाली, दो बीघा ज़मीन, कुंकू, माणूस... सगळे थोर. प्रश्न असा, की बेटावर माणूस थोर सिनेमा किती वेळा बघेल? बत्तीस वर्षं पोरांना निबंध घातले, "माझा आवडता नेता", "माझा आवडता ऋतू". एकाही पोराने आपल्याला खरंच काय आवडतं ते लिहिलं नाही. सगळ्यांचा ऋतू पावसाळा. मीही तेच करत होतो.

शिक्षक म्हटल्यावर 'श्यामची आई' असणारच, असं सगळे गृहीत धरतात. आमच्या व्याह्यांनी तर फोनवर "ते काय विचारायचं?" असंच म्हटलं. तो सिनेमा मोठा आहे यात वाद नाही. अत्र्यांनी 1953 मध्ये काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. त्यानंतर मराठीला तो मान मिळायला 'श्वास' यावा लागला, म्हणजे पन्नास वर्षं गेली. वनमालाबाईंची आई अजून डोळ्यांसमोर आहे. पण मी तो नेणार नाही. आम्ही शाळेतर्फे पोरांना रांगेने तो दाखवायला नेत असू आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारत असू, "कोण कोण रडलं? हात वर करा." सगळे हात वर! चमच्याने औषध पाजावं तसा पाजला आम्ही तो सिनेमा. ती चव माझ्या जिभेवरून अजून गेलेली नाही. दोष अत्र्यांचाही नाही आणि साने गुरुजींचाही नाही.

'संत तुकाराम' मात्र पहिल्या क्रमांकावर. यावर चर्चा नको. 1936 चा प्रभातचा सिनेमा, दामले-फत्तेलालांचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. विष्णुपंत पागनिसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी रचलेला अभंग लोक तुकोबांचाच समजून बसले, तेही सगळ्यांना ठाऊक असेल. मी नेणार आहे तो गौरीबाईंच्या जिजाईसाठी. नवरा देवाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही, पोर आजारी; अशी बाई देवळात जाऊन विठोबावर पायताण उगारते तेव्हा ती कुठल्याही पुराणातली वाटत नाही, आमच्या वाडीतली वाटते. आमची आई अशीच होती. वडील माळकरी, पंढरीची वारी चुकवायचे नाहीत. आणि आई पंधरा दिवस म्हैस, रान आणि आम्ही चार भावंडं सांभाळत विठ्ठलाच्या नावाने बोटं मोडायची. तुकोबा वैकुंठाला निघाले तरी जिजाईचा जीव पोरांत आणि म्हशीतच. माझ्या मते सिनेमा तिचा आहे, नाव तेवढं नवऱ्याचं लागलं. (हे वाक्य हिने वाचलं आणि दोनदा मान हलवली.)

दुसरा 'तीसरी कसम'. 1966 चा. रेणूंच्या कथेवर शैलेंद्रने काढला, पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शैलेंद्र गेला. हिरामण गाडीवान पहिली शपथ घेतो चोरटा माल न वाहण्याची, दुसरी बांबू न लादण्याची आणि तिसरी नौटंकीतल्या बाईला गाडीत न बसवण्याची. आमच्या घरी बैलगाडी होती. रात्रीच्या प्रवासात गाडीवान बैलांशी जे बोलतो ते मी लहानपणी अर्धवट झोपेत ऐकलेलं आहे. तो आवाज कुठेच रेकॉर्ड नाही, त्याच्या जवळपास जाणारा हाच एक सिनेमा.

तिसरा 'चुपके चुपके'. भाषेच्या मास्तराला यापेक्षा चांगलं मनोरंजन नाही. शुद्ध हिंदीचा अट्टहास करणारा ड्रायव्हर आणि त्याने वैतागून जाणारे ओमप्रकाश. आम्हीही शुद्धलेखनाच्या नावाखाली पोरांना असंच छळलं. फक्त एक शंका आहे. विनोदी सिनेमा एकट्याने बघता येतो का? मी करून बघितलं. ही माहेरी गेली होती तेव्हा दुपारी लावला. चांगला वाटला, पण मोठ्याने हसू आलं नाही. एकट्याचं हसू घशातच राहतं. रडायला कोणी लागत नाही, हसायला मात्र शेजारी कोणीतरी लागतं. तरीही नेणार, निदान शेजारी कोणीतरी होतं ते तरी आठवेल.

'शोले' नाही. पाठ झालाय, तो डोक्यातच लावता येतो. नातीने 'कोर्ट' सुचवला. तिच्या आग्रहाने बघितला, आणि त्यातल्या सरकारी वकीलबाई कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात, ते इतकं खरं आहे की दोन दिवस डोक्यातून जाईना. पण बेटावर मला कोर्ट नको.

राहिला 'पिंजरा'. 1972 मध्ये तो आला तेव्हा मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मास्तर व्हायचं ठरवून बसलो होतो. भारावून गेलो होतो. गावाला आदर्श असलेला मास्तर तमासगिरिणीच्या पायी वाया जातो, गावाला वाटतं तो मेला, गाव त्याचा पुतळा उभारतं आणि शेवटी त्या पुतळ्याला धक्का लागू नये म्हणून तो स्वतःच्याच खुनाचा आरोप पत्करून फासावर जातो. तेव्हा वाटलं, काय हा त्याग! आता वाटतं, काय हा गाढवपणा. जिवंत माणसापेक्षा पुतळा मोठा, हे कोणी ठरवलं? आणि आम्ही सगळे मास्तर लोक तोच पुतळा डोक्यावर घेऊन चाळीस चाळीस वर्षं हिंडलो. पानाच्या टपरीवर उभं राहायचं नाही, जत्रेत दिसायचं नाही, सिनेमाला गेलो तर तालुक्याच्या गावी, तेही अंधार पडल्यावर. लागूंचा अभिनय कितीही मोठा असो, 'पिंजरा' बाद.

आणि इथेच चौथ्या सिनेमाचं नाव येतं. ते लिहावं की नाही यावर सहा दिवस घालवले.

1976 ची हिवाळ्यातली गोष्ट. मी खटाव तालुक्यातल्या एका हायस्कूलवर नवा होतो, सव्वीस वर्षांचा. आमच्या भागात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची जत्रा मोठी. बैलबाजार, कुस्त्या आणि रात्री तंबूतले सिनेमे. ज्यांनी तंबू बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकवर मशीन, बाजूला धडधडणारा जनरेटर, मधोमध पांढरा पडदा आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर बसलेले लोक. मागच्या बाजूने बघितलं तर चित्र तेच, फक्त अक्षरं उलटी आणि सगळे डावखुरे. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की बत्ती लागायची, दुसरं रीळ चढेपर्यंत लोक विड्या ओढायचे.

शाळेत मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, दहावीचा एकही मुलगा जत्रेत रात्री दिसता कामा नये. आणि त्या रात्री मी स्वतः मफलर गुंडाळून पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. सिनेमा होता 'सामना'. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, 1975 मध्ये बर्लिनला जाऊन आलेला. निर्माते रामदास फुटाणे, तेही एकेकाळचे चित्रकलेचे शिक्षक. पुन्हा लागू मास्तर आणि पुन्हा निळू फुले समोर. पण हा मास्तर पुतळ्यातला नाही. दारूत बुडालेला, कपड्यांची शुद्ध नसलेला. सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या गावात येऊन पडतो आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं, एवढंच विचारत राहतो. सगळं गाव गप्प. तो विचारतच राहतो.

मध्ये रीळ संपलं, बत्ती लागली आणि माझ्यापासून चार हातांवर माझ्या वर्गातला एक मुलगा बसलेला दिसला. त्यानेही मला बघितलं. मी मफलर वर ओढला. त्याने मान खाली घातली. तेवढ्यात बत्ती गेली.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांकडे चार नावं आली, कोणी चहाडी केली कोण जाणे. वर्गशिक्षक मी, म्हणून छडी माझ्याकडे. तिघांनी "चुकलं सर" म्हटलं, दोन दोन छड्या खाल्ल्या आणि जागेवर गेले. हा चौथा काही बोलला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला. रागाने नव्हे, नुसता. मला वाटलं आता हा बोलणार. तो बोलण्याआधीच मी मारायला सुरुवात केली आणि किती मारलं ते मोजलं नाही. सगळा वर्ग बघत होता. तो काहीच बोलला नाही. मी तिथे होतो हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही कोणाला सांगितलं नसावं, कारण माझ्या कानावर कधी आलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. त्याची वस्ती शाळेपासून कोसभर होती. सायकल होती माझ्याकडे. मी गेलो नाही. महिन्याभराने हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने रेघ मारली. कोणी विचारलं नाही, मीही नाही. 'सामना' बघून आलेला मास्तर मी!

पुढे 90 च्या सुमारास त्याच बॅचचा एकजण एसटी स्टँडवर भेटला. म्हणाला, तो मुंबईला मामाकडे गेला, गिरणीत लागला. 82 च्या संपानंतर मात्र कोणाला काही माहीत नाही. त्याची एसटी लागली आणि तो गेला.

तर 'सामना' यादीत आहे. नातीला नाव कळवलं तर ती म्हणाली, "आजोबा, आवडते पाच विचारले होते. हा तर तुम्ही टीव्हीवर लागला की बंद करता." खरं आहे. लागूंचा तो प्रश्न आला की मी उठून आत जातो. बेटावर आत जायला खोली नसेल. मग तिला सगळं सांगितलं. ही शेजारीच बसली होती. लग्नाला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली, हिलाही आजवर सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती, मग एवढंच म्हणाली, "नाव काय हो त्याचं?" मला वाटलं विसरलो असेन. पण बापाच्या नावासकट आठवलं, हजेरीपटात होतं तसंच.

पाचवी जागा मी रिकामी ठेवली होती. हिने तिथे 'अशी ही बनवाबनवी' लिहून टाकला आहे. म्हणते, तुम्ही बेटावर जाणार तर मी काय इथे बसणार आहे?

आमचे नातेवाईक आणि जुने विद्यार्थी हे वाचतात म्हणून शेवटी एक विनंती. मुलाचं नाव इथे जाहीर लिहीत नाही, ते बरं नव्हे. पण 1977 ला दहावीला बसलेली ती बॅच, मराठी शिकवायला मी होतो, खिडकीकडचा तिसरा बाक. त्या वर्गातल्या कोणी वाचलं तर कळेल मी कोणाबद्दल बोलतोय. तो कुठे आहे, त्याचं पुढे काय झालं, काही ठाऊक असेल तर मला फोन करा. तो स्वतः वाचत असेल तर कधीही करा, रात्री उशिरा केला तरी चालेल.