कर भरायचा की हप्ता?

२०२४ साली अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्यविम्याचा वर्षाचा सरासरी हप्ता २५,५७२ डॉलरवर पोचला. त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात, उरलेले १९,००० हून अधिक डॉलर कंपनी भरते. बहुतेक घरांतला हिशेब त्या कापलेल्या रकमेपाशीच थांबतो. मग कॅनडातल्या मिसिसागाच्या चुलतभावाच्या पगारातून केवढा कर जातो हे ऐकले की इकडचा माणूस स्वतःला सुदैवी समजतो. ‘आमच्याकडे कर कमी आणि सोयी चांगल्या’ हे वाक्य अमेरिकेतल्या मराठी घरांत सर्रास ऐकू येते. या हिशेबात दोन मोठ्या चुका आहेत.

पहिली चूक कंपनीच्या वाट्याची. ते १९,००० डॉलर कंपनी पदरमोड करून देत नाही. एका कर्मचाऱ्यावर एकूण किती खर्च करायचा हे ठरवताना ती रक्कम आधीच धरलेली असते, आणि विम्यात गेलेला डॉलर पगारात येत नाही, यावर बहुतेक अर्थतज्ज्ञांचे एकमत आहे. नोकरी आणि विमा यांची ही गाठ कोणी विचारपूर्वक मारलेलीही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातली. माणसे टिकवायला कंपन्यांनी आरोग्यविमा देऊ केला, पुढे त्या रकमेला प्राप्तिकरातून सूट मिळाली, आणि युद्धकाळातली सोय कायमची होऊन बसली.

दुसरी चूक अधिक खोल आहे. अमेरिकेत आरोग्यव्यवस्था खासगी आहे, म्हणून करदाता मोकळा आहे, असे मानले जाते. प्रत्यक्षात मेडिकेअर आणि मेडिकेड या दोनच सरकारी योजनांवर २०२३ मध्ये सुमारे १.९ लाख कोटी डॉलर खर्च झाले. देशाच्या साऱ्या लोकसंख्येने भागले तर माणशी साधारण ५,७०० डॉलर येतात, आणि या योजनांचा लाभ निम्म्याहून कमी लोकांना मिळतो. त्याच वर्षी कॅनडाचा सगळा आरोग्यखर्च, सरकारी आणि खासगी धरून, माणशी ८,७४० कॅनेडियन म्हणजे सुमारे ६,५०० अमेरिकी डॉलर होता. त्यातला सरकारी वाटा साधारण ७० टक्के, म्हणजे ४,५०० डॉलरच्या आसपास. थोडक्यात, अमेरिकन करदाता आरोग्यासाठी कॅनेडियन करदात्याहून जास्त सरकारी पैसा पुरवतो, आणि मग स्वतःच्या कुटुंबाचा हप्ता वेगळा भरतो. दोन्ही मिळून अमेरिकेचा खर्च त्या वर्षी माणशी १४,५७० डॉलर झाला. जगात याच्या तोडीचा आकडा नाही.

एवढा पैसा जातो कुठे? अमेरिकन माणूस डॉक्टरकडे फार वेळा जातो किंवा इस्पितळात फार दिवस राहतो, असे मुळीच नाही. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्येच दाखवून दिले होते की फरक सेवेच्या प्रमाणात नाही, किमतीत आहे. रँड संस्थेच्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये खासगी विम्याने इस्पितळांना मेडिकेअरच्या दराच्या सरासरी २५४ टक्के रक्कम दिली. तेच इस्पितळ, तीच खाट, तीच शस्त्रक्रिया. सरकार एकटा मोठा ग्राहक म्हणून दर ठरवते. शेकडो विमा कंपन्यांना ते जमत नाही.

किमतीच्या जोडीला कागद. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, इन-नेटवर्क डॉक्टरांची यादी वेगळी, आधी घ्यायच्या परवानग्या वेगळ्या. दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे क्लेम भरणारी, नाकारलेले क्लेम पुन्हा पाठवणारी माणसे बसलेली असतात, आणि त्यांचा पगार रुग्णाच्या बिलातूनच निघतो. ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या अभ्यासाने २०१७ चा हिशेब मांडला आहे. अमेरिकेत आरोग्यावरच्या खर्चातला ३४.२ टक्के भाग प्रशासनात गेला, कॅनडात १७ टक्के. माणशी हा खर्च अमेरिकेत २,४९७ डॉलर, कॅनडात ५५१. या वरच्या जवळपास २,००० डॉलरमध्ये कुणाचाही ताप उतरलेला नाही.

आता कॅनडाची बाजू, कारण तिथेही किंमत मोजावी लागतेच. ती वाट पाहण्यात मोजावी लागते. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या फ्रेझर इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०२४ मध्ये फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीपासून तज्ज्ञाच्या उपचारापर्यंतचा मध्यक काळ ३० आठवडे निघाला. संस्थेचा कल लक्षात घेऊन आकड्याला थोडी कात्री लावली, तरी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने दुखणे सोसणाऱ्या आजीला त्याने दिलासा मिळत नाही. लाखो प्रौढांना नेहमीचा फॅमिली डॉक्टरच नाही. इस्पितळाबाहेरची औषधे, दात आणि चष्मा यांच्या खर्चासाठी अनेकांना तिथेही कंपनीच्या विम्याचाच आधार घ्यावा लागतो. ही दुखणी खरी आहेत आणि कॅनडाप्रेमींनी ती झाकू नयेत.

पण लांबलचक रांग हा सरकारी व्यवस्थेचा अटळ गुण आहे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. इंग्लंडमध्ये २००० नंतर ब्लेअर सरकारने एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेला भरघोस निधी दिला आणि दशकाच्या अखेरीस १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे लक्ष्य गाठले गेले. २०१० नंतर निधीची वाढ मंदावली. २०१६ पासून ते लक्ष्य एकदाही गाठता आलेले नाही. व्यवस्था तीच राहिली, पैसा आणि मनुष्यबळ अपुरे पडत गेले. तैवानने १९९५ मध्ये सगळ्या नागरिकांसाठी एकच सरकारी विमा सुरू केला. तिथे अशा रांगा नाहीत आणि खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७ टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेचा २०२३ मध्ये १७.६ टक्के होता.

परदेशस्थ मराठी कुटुंबाला आणखी एक खर्च लागू होतो, जो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात, आणि नेमका तेव्हाच विमाही जातो. कोब्रा कायद्याखाली तो चालू ठेवायचा तर पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के, म्हणजे २०२४ च्या सरासरीने महिन्याला २,१७० डॉलर, पगार बंद असताना भरायचे. कॅनडातल्या ओंटारिओत कायम रहिवाशाची नोकरी गेली तरी हेल्थ कार्ड खिशात राहते. आईवडिलांच्या बाबतीतही असाच फरक आहे. ग्रीन कार्डवर आलेल्या ६५ वर्षांपुढच्या वडिलांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्याशिवाय मेडिकेअर विकतसुद्धा घेता येत नाही. कॅनडातही सुपर व्हिसावर येणाऱ्या पालकांसाठी किमान एक लाख डॉलरचा खासगी विमा लागतो, पण कायम रहिवासी झाल्यावर ते प्रांताच्या योजनेत येतात.

‘पुण्याला जाऊन उपचार करून येऊ’ हा मार्ग अनेकांनी वापरला आहे आणि तो स्वस्तही पडतो, मात्र डॉलरमध्ये कमावणाऱ्याला. भारतात २०२१-२२ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. ज्याच्यापाशी पैसे नसतात तो मुंबईत केईएमची पायरी चढतो, आणि १९२६ पासून महापालिकेचे ते इस्पितळ त्याला दारातून परत पाठवत नाही. खासगी इस्पितळांची चकचकीत लॉबी पाहून भारताच्या व्यवस्थेबद्दल मत बनवणाऱ्यांनी केईएमची ओपीडीही पाहावी.

सरकारी व्यवस्थेत वेळ जातो, खासगीत पैसा आणि स्वास्थ्य. पण आकड्यांपुरते बोलायचे तर निकाल स्पष्ट आहे: खासगी विम्यावर उभी असलेली अमेरिकेची व्यवस्था कॅनडाच्या दुपटीहून महाग आहे, आणि तो वरचा पैसा उपचारात जात नाही. अमेरिकेतल्या वाचकांनी येत्या जानेवारीत डब्ल्यू-टू हा पगार-कराचा फॉर्म हाती आला की बारावा रकाना पाहावा. तिथे ‘डीडी’ या खुणेसमोर कर्मचारी आणि कंपनी यांनी मिळून भरलेला पूर्ण हप्ता छापलेला असतो. त्यात वर्षभराचे डिडक्टिबल आणि कोपे मिळवावेत, मेडिकेअरसाठी कापलेला कर मिळवावा, आणि मगच मिसिसागाच्या चुलतभावाला फोन लावावा.