मुंबई–दुबई : अंतर एक, वेळा दोन

मुंबई आणि दुबई यांमधील हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. या मार्गाने व्यापारासाठी नव्यानेच ये-जा करू लागलेला मनुष्य तिकिटावरील वेळा पाहतो आणि जाण्यास पावणेदोन तास, येण्यास सव्वाचार तास, असा हिशेब मांडतो. हा हिशेब फसवा आहे. तिकिटावर त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते आणि दुबईचे घड्याळ मुंबईच्या दीड तास मागे चालते. वस्तुतः दोन्ही प्रवास साधारण तीन तासांचेच. उलट, उंचावर पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे, विशेषतः हिवाळ्यात, परतीचाच प्रवास थोडा लवकर संपतो.

सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम असणाऱ्यांना मात्र हा दीड तास जड जातो. जाताना दिवस लांबतो, त्यामुळे अडचण नाही. येताना तो आखडतो. डिसेंबरच्या आरंभी दुपारी एक वाजता दुबईहून निघालेले विमान मुंबईत उतरते, तेव्हा येथे साडेपाच होत आलेले असतात आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पुढे पारपत्र-तपासणी, सामान, रस्त्यावरील गर्दी. घरी ताट वाढून वाट पाहणाऱ्यांचा उपाय चालत नाही. म्हणून विमानातील जैन भोजन तिकिटाबरोबरच नोंदवून ठेवावे. घरचे कोरडे खाणे जवळ असल्यास अधिक चांगले. सकाळचे विमान घेतल्यास हा प्रश्नच उरत नाही, परंतु विमानतळ तीन तास आधी गाठायचा असल्याने आदल्या रात्रीची येण्या-देण्याची बोलणी लवकर आवरावी लागतात.