मांजर लक्षात आहे, माणूस नाही

चार आयटीवाले चहाला जमले की जुन्या डॉस गेम्सचा विषय काढून बघा. डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, डिगर... यादी सुरू होते, आणि कुणीतरी हमखास ओरडतं, “अरे, ते मांजर! खिडकीतून घरात उडी मारायचं ते! आणि मागे झाडू लागायचा!” मग पाच मिनिटं सगळे चौथीत जाऊन बसतात. आता हळूच विचारा, “तो गेम लिहिला कुणी?”

शांतता.

शांततेबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण आहे ते त्यानंतर येणाऱ्या वाक्याशी: “काय फरक पडतो यार? केला असेल कुठल्यातरी कंपनीने.”

फरक पडतो. आणि निदान ज्यांचं पोट कोड लिहून भरतं त्यांनी तरी हे वाक्य तोंडातून काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो. थोडं लांबेल, शनिवार आहे, चहा घेऊन बसा :)

तर त्या गेमचं नाव ‘अ‍ॅली कॅट’, आणि तो लिहिणाऱ्याचं नाव बिल विल्यम्स. जन्म १९६०, अमेरिकेतला. १९८३ साली अटारीच्या ८-बिट होम कॉम्प्युटरसाठी हा गेम आला, सिनॅप्स सॉफ्टवेअर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडून. १९८४ मध्ये तो आयबीएम पीसीवर आला आणि तिथून फ्लॉपीवरून फ्लॉपीवर कॉपी होत होत आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासेसपर्यंत पोचला. खोकं नाही, माहितीपुस्तिका नाही, बिल तर नाहीच. नुसती ‘कॅट डॉट ईएक्सई’ नावाची एक फाइल. अनाथ मुलासारखी आली आणि आपण तिला अनाथच समजलो.

आधी कामाबद्दल बोलू. आठवण म्हणजे नुसतं “काय दिवस होते ते!” नव्हे. आठवण काढायची तर माणसाने काय केलं ते नीट बघून काढावी.

गेम आठवा. गल्ली, कचऱ्याचे डबे, कुंपण, वर कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या. खिडक्या उघडतात, त्यातून वस्तू भिरकावल्या जातात, आणि खिडकी उघडी असतानाच आत उडी मारायची. आत प्रत्येक खोली म्हणजे वेगळा गेम. एकीकडे माशांच्या भांड्यात पोहायचं, एकीकडे पिंजरा टेबलावरून ढकलून पक्षी धरायचा, एकीकडे चीजच्या भल्यामोठ्या तुकड्याच्या भोकांमधून उंदीर पकडायचे, तर एकीकडे झोपलेल्या कुत्र्यांना जाग न येऊ देता त्यांच्या वाडग्यातलं दूध संपवायचं. आणि या सगळ्याच्या शेवटी फेलिशिया नावाची मांजरी. म्हणजे मुळात ही प्रेमकथा आहे! आपण लहानपणी कुत्र्याला घाबरून तिथपर्यंत पोचलोच नाही, ती गोष्ट वेगळी.

आता तो झाडू. तो मांजराच्या मागे लागतो, पण मांजराच्या पायांचे ठसे जमिनीवर उमटले की ते पुसायला थांबतो. म्हणजे शत्रूला स्वतःचं एक काम दिलंय, आणि त्या कामात अडकवून तुम्ही त्याला चुकवू शकता. शत्रू नुसता वेगवान करणं सोपं असतं. विल्यम्सने त्याला स्वभाव दिला. चाळीस वर्षांनीही लोकांना त्या गेममधलं आधी काय आठवतं? झाडूच ना?

दुसरी गोष्ट खास आपल्या धंद्यातली. मूळ आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्या काळच्या कितीतरी गेम्सनी तोच वेग कायमचा धरून टाकला. मधे मोकळे लूप फिरवून वेळ काढायचा, की झालं काम. पुढे वेगवान मशिनं आली आणि हे गेम असे पळायला लागले की खेळणं अशक्य. पीसीच्या डब्यावर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं, त्याचा खरा उपयोग मशिन मुद्दाम मंद करण्यासाठी होता, तो याच गोंधळापायी. ‘अ‍ॅली कॅट’ मात्र ४८६ वर आणि पेंटियमवरही नीट चालला, कारण त्याची गती प्रोसेसरच्या वेगावर सोडलेली नव्हती. आपल्याकडे पीसी घरोघरी यायला लागले तोवर ८०८८ कधीच मागे पडला होता. म्हणजे १९८४ साली घेतलेल्या एका शहाण्या निर्णयामुळे तो गेम आपल्या हातात पडला तेव्हाही खेळण्याजोगा होता. हा निर्णय कुठल्या मार्केटिंगवाल्याने घेतला नसणार. “कशाला एवढं, आत्ता चालतंय ना?” असं म्हणायची पूर्ण सोय असताना कुणीतरी ते केलं. अशा कुणीतरीला नाव असतं.

बरं, हा त्याचा एकच गेम नव्हे. १९८२ चा ‘सॅमन रन’ बघा, नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत जाणारा मासा. ‘नेक्रोमॅन्सर’ मध्ये पहिल्या भागात झाडं लावायची, जगवायची, आणि दुसऱ्या भागात तीच झाडं तुमची फौज. अमिगा आल्यावर १९८६ मध्ये ‘माइंड वॉकर’: वेड लागलेल्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या डोक्याच्या आत घडणारा गेम. १९८८ चा ‘पायोनियर प्लेग’ हा अमिगाच्या ४०९६ रंगांच्या ‘हॅम’ मोडमध्ये चालणारा पहिला व्यावसायिक गेम. हा मोड स्थिर चित्रांसाठीच बरा, हलत्या गेमसाठी निरुपयोगी, असा सर्वसाधारण समज होता. १९९० मध्ये ‘नाइट्स ऑफ द क्रिस्टॅलियन’, ज्यात त्याने एक आख्खी संस्कृती उभी करायचा घाट घातला होता. यातला एकही गेम दुसऱ्यासारखा नाही. हिट झाला म्हणून भाग दोन, भाग तीन काढायचा रस्ता समोर असताना हा माणूस दर वेळी नव्या गल्लीत शिरला.

त्यानंतर काय झालं? त्यानंतर तो नोकरीत गेला. ‘सिम्पसन्स’ या प्रसिद्ध मालिकेवरचा ‘बार्ट्स नाइटमेअर’ (१९९२) हा सुपर निन्टेंडोचा गेम त्याच्याकडे आला. गाजलेलं पात्र, त्याचे मालक वेगळे, प्रकाशक वेगळा, गेम करणारी कंपनी वेगळी, आणि प्रत्येकाचं मत वेगळं. क्लायंटच्या क्लायंटसाठी काम केलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. अनुभव कडू होता. काही काळाने त्याने हा धंदाच सोडला, शिकागोला जाऊन धर्मशास्त्र शिकला आणि एक पुस्तक लिहिलं.

आणि आता ती गोष्ट, जी मी मुद्दाम इतक्या उशिरा सांगतोय. विल्यम्सला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस होता. हा आनुवंशिक आजार. फुप्फुसात घट्ट चिकट स्राव साचत जातो, श्वास घेणं हेच एक काम होऊन बसतं. १९६० च्या आसपास असं मूल जन्मलं तर ते मोठं होईल अशी आशा डॉक्टर सहसा देत नसत. बिल विल्यम्स मे १९९८ मध्ये गेला. वय ३७.

उशिरा का सांगितलं? कारण ते आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं सगळं “बिचारा” म्हणत वाचलं असतं. जुन्या प्रोग्रामर्सची आठवण काढायची आपल्याकडे दोनच साचे आहेत. एक ‘जीनियस’चा: गॅरेज, पिझ्झा, पहिला मिलियन. दुसरा ‘बिचारा’चा: आजार, दुर्लक्ष, अकाली मृत्यू. दोन्ही साच्यांत काम कुठेच नसतं. विल्यम्सबद्दल मला कीव नको आहे. त्याचा टायमिंगचा निर्णय, त्याचा झाडू, त्याची झाडांची फौज, यावर बोला. आजार त्याच्या आयुष्यात होता म्हणून सांगायचा. त्याच्या कामाला ग्रेस मार्क म्हणून नको.

आता नेहमीचे आक्षेप.

“अरे, सॉफ्टवेअर हे टीमवर्क असतं. एकट्याचं नाव कशाला?” मान्य. मग टीममधल्या सगळ्यांची नावं सांगा! गंमत म्हणजे ‘अ‍ॅली कॅट’ची मूळ सुरुवात जॉन हॅरिस या दुसऱ्या प्रोग्रामरने केली होती. त्याने ते सोडलं आणि अर्धवट काम विल्यम्सकडे आलं. दुसऱ्याचं अर्धवट काम अंगावर येणं काय असतं हे आपल्याला चांगलंच माहीत आहे, आणि त्यातून तो असा गेम उभा करतो! तेव्हा हॅरिसचंही नाव घेऊ, विल्यम्सचंही घेऊ. पण ‘टीमवर्क’ म्हणायचं आणि शेवटी फक्त कंपनीचा लोगो लावायचा, याला टीमवर्क म्हणत नाहीत.

“नावाचं काय एवढं? पगार मिळाला ना?” हा वाद आपल्या धंद्याइतकाच जुना आहे. सत्तरच्या दशकात अटारी आपल्या प्रोग्रामर्सची नावं खोक्यावर टाकत नसे. १९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चौघे अटारीतून बाहेर पडलेले अ‍ॅक्टिव्हिजनच्या स्थापनेत होते. भांडण पैशाचं होतं तसंच श्रेयाचंही होतं. वॉरन रॉबिनेटने तर ‘अ‍ॅडव्हेंचर’ गेममध्ये आपलं नाव एका गुप्त खोलीत लपवून ठेवलं. स्वतःच्या कामावर स्वतःचं नाव यावं म्हणून माणसाला चोरवाटा शोधाव्या लागल्या, आणि आपण खुशाल विचारतो, नावाचं काय एवढं!

“हे सगळं नॉस्टॅल्जिया आहे.” अजिबात नाही. नॉस्टॅल्जियाला नाव लागतच नाही, त्याला मांजर पुरतं. आणि बाजाराच्या भरवशावर राहिलो तर मांजरही राहणार नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत असं निघालं. जे जगलं ते हौशी लोकांनी कॉपी करून, जपून जगवलं.

इथे आपला हिशोब जरा स्पष्ट करू. आपल्याकडे आलेल्या त्या असंख्य फ्लॉप्यांमागे विल्यम्सला एक पैसा पोचला नाही. त्या काळी विकत घ्यायला दुकान कुठे होतं, हे खरंच. पण देणं हे देणंच. पैशाचं राहिलं, आता फेडताही येणार नाही. नावाचं देणं अजून फेडता येतं, आणि त्याला फुकट सुद्धा म्हणवत नाही इतकं ते स्वस्त आहे.

आणि हे फक्त त्याच्यासाठी नाही. रोज आपण जे लिहितो त्यावर आपलं नाव कुठे असतं? कोड क्लायंटचा, ब्रँड त्याचा, आपला फक्त एम्प्लॉयी आयडी. तोही कंपनी सोडली की डिसेबल. याची सवय झाली की हळूहळू आपणच मानायला लागतो की हे सगळं आपोआप होतं, त्यामागे हात नसतात. आणि जो माणूस दुसऱ्याच्या कोडमागचा हात बघत नाही, तो स्वतःचा कोडही बेवारशासारखाच लिहितो. “आत्ता चालतंय ना? मग बस!” चाळीस वर्षं टिकणारा गेम त्या वृत्तीतून निघत नाही.

विल्यम्सबद्दल आज जे थोडंफार कळतं, त्यातलं बरंच एका माणसाने वेळेवर प्रश्न विचारले म्हणून कळतं. जेम्स हेग नावाच्या, स्वतः गेम लिहिणाऱ्या प्रोग्रामरने १९९७ मध्ये जुन्या गेम प्रोग्रामर्सच्या मुलाखतींचं ‘हॅल्सियन डेज’ हे संकलन काढलं. त्यात विल्यम्स आहे. पुढच्याच वर्षी तो गेला. हेग आणखी दीड वर्ष “बघू नंतर” म्हणाला असता तर?

तेव्हा सांगणं एवढंच. आपल्याकडेही पहिली मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर्स, बँकांच्या, रेल्वेच्या सुरुवातीच्या सिस्टिम्स कुणीतरी हातांनी लिहिल्या आहेत. त्यातले काही लोक आज सत्तरीत आहेत आणि तुमच्या-माझ्याच शहरात राहतात. कुणाचे काका असतील, कुणाच्या सोसायटीचे सेक्रेटरी असतील. जा, विचारा, लिहून ठेवा. कोणी लिहिलं, का तसं लिहिलं, कुठे अडलं. आणि पुन्हा कधी ते मांजर कुणाला दाखवलंत, तर सोबत एवढं सांगा: हे बिल विल्यम्सने लिहिलं.

असो. चहा गार झाला असेल.