रस्ते दोन, मागणी एक

पाश्चात्त्य देशांत इस्लाममधील सुधारणेची चर्चा निघाली की मुसलमानाला बहुधा एकच विचारले जाते : धर्म की आधुनिकता? महाराष्ट्राचा अनुभव या प्रश्नात मावत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. दलवाईंचा आधार समान नागरी हक्कांचा होता. पुढे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने तोंडी तलाकबंदी कुरआनच्या आधारे मागितली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी ही प्रथा रद्द ठरवली. त्या तिघांतही एका न्यायमूर्तींनी कुरआनचा, दोघांनी संविधानातील समतेचा आधार घेतला.

म्हणून प्रथेवर बोलणाऱ्याला धर्मद्रोही आणि रोजा ठेवणाऱ्याला मागासलेला ठरवण्याची घाई नको. त्या गोंगाटात जिला तलाक मिळाला, तिचेच म्हणणे ऐकायचे राहून जाते.