वीतभर अंतरावरचे चित्र

महिन्याभराच्या बाळापुढे चित्र धरलेत तर घरातली मोठी माणसे हसतील. हसू द्या. नव्या बाळाला दिसते, पण वीत-सव्वा वीत अंतरावरचेच त्यातल्या त्यात बरे. म्हणजे अंगावर पाजताना तुमचा चेहरा असतो तेवढ्यावर. त्यापलीकडे सारे धूसर. फिके रंग तर त्याला वेगळे ओळखूच येत नाहीत. पाळण्यावर उंच टांगलेले हौसेचे चिमणाळे आपल्यासाठीच असते म्हणा ना!

पांढऱ्यावरचे ठळक काळे मात्र त्याची नजर धरून ठेवते. अमेरिकेत रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली पाच दिवसांच्या आतल्या बाळांना काही गोल तबकड्या दाखवल्या. नुसत्या लाल-पिवळ्या तबकडीपेक्षा काळ्या-पांढऱ्या नक्षीकडे, आणि सर्वांत जास्त चेहऱ्याच्या चित्राकडे, ती बाळे पाहत राहिली.

शहरात अशी पुस्तके विकत मिळतात. तुम्ही ते घरीच शिवा. पांढऱ्या धोतराचे धुवट तुकडे घ्या, त्यावर काळे कापड कापून टाका घाला. पहिल्या पानावर बोटभर रुंदीचे पट्टे, मग मोठे चौकोन, मग दोन डोळ्यांचा चेहरा. पुढे काळा कावळा, काळ्या पानावर पांढरा बगळा, पोळ्याचा बैल. काळ्या कापडाचा रंग जाईनासा होईपर्यंत आधी धुवून घ्या, कारण तीन-चार महिन्यांनी हे पुस्तक तोंडात जाणारच. मणी, टिकल्या, बटणे लावू नका. काजळ मात्र डोळ्यांत मुळीच नको. नजर त्याने वाढत नाही, डोळे बिघडू शकतात.

पोट भरलेले, जागे, शांत असेल तेव्हा दोन-तीन मिनिटे दाखवा. खोलीची खिडकी उघडा. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत चित्र तरी काय दिसणार? पान सावकाश हलवा आणि बोलत राहा. "हा बघ आपला बैल" हे आजोबांनी म्हटले तरी चालेल. बाळाने मान फिरवली की पुरे. याने मूल हुशार होते असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्याला पाहायला मिळते, तुमचा आवाज मिळतो, एवढे खरे.

आणखी एक गोष्ट या खेळात कळते, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. तीन महिन्यांच्या बाळाची नजर हलत्या पानामागे फिरायला हवी. फिरत नसेल, तर "मोठे झाले की पाहील" म्हणत थांबू नका. बाहुली पांढरी दिसली तर तीन महिन्यांचीही वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. जन्मतः मोतीबिंदू असतो. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत झाली नाही, तर पुढे डोळा स्वच्छ होऊनही मेंदू पाहायला शिकलेला नसतो. फार आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचे पडदे तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावे लागतात. आशाताई घरी येतील तेव्हाच त्यांना विचारून ठेवा, कुठे न्यायचे ते.