सॉफ्टनर घ्यायच्या आधी पाणी तपासा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मंडळींनो, घरात सॉफ्टनर बसवायचा का, हे विक्रेत्याला विचारू नका. आधी तुमच्या टाकीत कुठलं पाणी पडतं ते बघा.

नळाला येतं ते पंचगंगेचं आणि काळम्मावाडी धरणाचं पाणी. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं हे पाणी सहसा जड नसतं. त्याला सॉफ्टनर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. बोअरचं तसं नाही. ते कातळातून मुरत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. म्हणून साबणाला फेस येत नाही, तोट्यांवर पांढरे डाग धरतात, गिझरच्या कॉइलवर खडू साचतो आणि बिल वाढतं. तरी बोअर सोडून चालत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली, नळ कोरडे पडले, तेव्हा अनेक घरं बोअरवरच तगली.

अशा बोअरला सॉफ्टनर खरंच उपयोगी पडतो. त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात पाण्यात सोडियम सोडतं. गिझर, वॉशिंग मशीन टिकतात, साबण कमी लागतो.

आता दुसरी बाजू. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. लिटरला 400 मिलिग्रॅम जडपणा आणि रोजचा 500 लिटर वापर धरला, तर महिन्याला साधारण 12 ते 15 किलो मीठ लागतं. ते खारं पाणी गटारातून शेवटी पंचगंगेकडेच जातं, आणि सांडपाणी केंद्रात मीठ निघत नाही. शिवाय तेवढा जडपणा काढला की प्रत्येक लिटरमागे सुमारे 184 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. घरात रक्तदाबाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल, तर हे पाणी पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. कुंड्यांनाही ते घालू नका.

सॉफ्टनर जंतू मारत नाही. काविळीपासून तो वाचवणार नाही; त्यासाठी पाणी उकळणं किंवा क्लोरीन हेच खरं. टीडीएस मीटर दाखवून कोणी सॉफ्टनर विकत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, जडपणा नव्हे, आणि सॉफ्टनरने टीडीएस उतरतही नाही. जड पाण्याने मुतखडा होतोच, ही भीतीही सिद्ध झालेली नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चालतो. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत.

तेव्हा असं करा. बोअरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या आणि 'एकूण जडपणा' विचारा. आकडा 200 च्या आत असेल तर विषय संपला. थोडा वर असेल तर गिझरचं तापमान 50-55 अंशांवर ठेवा, कॉइल वर्षातून एकदा साफ करून घ्या, तोट्यांचे डाग लिंबाने किंवा व्हिनेगरने काढा. आकडा फारच मोठा असेल तरच सॉफ्टनर घ्या, तोही फक्त गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर. स्वयंपाकघराचा नळ त्यातून वेगळा ठेवा, आणि महिन्याचं मीठ किती लागेल ते घेण्याआधीच लिहून मागा.

आणि तालमी-मंडळांना एक विनंती: प्रत्येक घराने वेगळा नमुना नेण्यापेक्षा गल्लीतल्या बोअर एकदमच तपासून घ्या आणि आकडे मंडळाच्या फळ्यावर लिहा. ते वाचून ज्याला गरज असेल तोच सॉफ्टनर घेईल.