हातोटी : रिंगा घासण्यापूर्वी

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं आणि लंडनमधल्या कोल्हापूरकरांच्याही अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच्या रायफलीवर स्कोप नव्हता. ऑलिंपिकमध्ये दुर्बिणीला परवानगी नाही. इथल्या फील्ड टार्गेट क्लबांत मात्र एअर रायफलीवर स्कोप असतोच, आणि नव्या हौशी मंडळींचा प्रश्नही ठरलेला असतो : रिंगा घासाव्यात का?

स्कोपची नळी दोन रिंगांत बसते. रिंगा एका रेषेत नसतील, तर स्क्रू आवळताना नळी किंचित वाकते. नळीवर ओरखडे उठतात, नेम जुळवताना स्कोपची फिरकी अपुरी पडते. उपाय म्हणजे लॅपिंग : रिंगांच्या खालच्या अर्ध्या भागांत नळीच्याच जाडीचा पोलादी दांडा ठेवायचा, खरखरीत पेस्ट लावायची आणि पुढेमागे घासायचं. गावाकडच्या गॅरेजात व्हॉल्व्ह घासताना पाहिलं असेल, तर हे काम ओळखीचं वाटेल.

पण आधी तपासा. रायफल रिकामी असल्याची खात्री करा. दांड्याला मार्किंगचा निळा रंग पातळ लावून तो रिंगांत हलकेच फिरवा. रंग साधारण तीन चतुर्थांश भागावर उमटला, तर पेस्टचा डबा उघडूच नका. फक्त एका कडेला उमटला, तरच घासा. दहा-वीस हात मारले की पुसून पुन्हा पाहा. बराच वेळ घासूनही रंग पसरत नसेल, तर दोष रिंगांत नसून पायात किंवा रेलमध्ये आहे. तिथे पेस्ट कामाची नाही. आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या रिंगा तर कधीच घासू नयेत.

हा धडा याच देशातला आहे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत सांगितलं होतं, की सपाट पत्रा एमरीने सरसकट घासू नये. रंगाने उंचवटा शोधावा आणि तेवढाच खरवडावा. त्यांचीच रायफल १८६० मध्ये विम्बल्डनला स्टँडवर पक्की बसवली होती. राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरून पहिली गोळी झाडली, ती लक्ष्याच्या मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली. तीच नेमबाजी १८९० पासून बिस्लीला भरते.

घासून झालं की पेस्टचा कण न् कण पुसा. उरलेला कण नळी खरवडतो. घासलेल्या जागेचा काळा थर गेलेला असतो, म्हणून इथल्या दमट हवेत पोलादी रिंगांना तेलाचा पातळ हात हवाच. पुढची-मागची रिंग आणि तिची दिशा खुणेने लिहून ठेवा, कारण त्या आता त्याच रायफलीच्या झाल्या. स्क्रू आडव्या क्रमाने, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळा.

शेवटी घरातली गोष्ट. एअर रायफल अठराखालच्या मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून एअर रायफलीसाठी प्रमाणपत्रही लागतं. दिवाळीला पाहुणे येतील, पोरं घरभर धावतील. कुलपाची किल्ली आधी जागेवर आहे ना पाहा. रिंगांचं काम पाडव्यानंतरही होईल.